तुरकर गार्डांचा धबधबा

तुरकर काकाजी कोणतीही हकिकत शेवटाकडून सुरू करत.

"वाचला बिचारा," जिन्याच्या पायथ्याशी उभे राहून ते म्हणायचे.

"कोण, काकाजी?"

"डॉक्टर म्हने, रातभर इथंच ठेवा. पाय मोडला होता ना."

"पण कोणाचा?"

"आंब्यावरून पडला. येवढा मोठा मानूस, कोनं सांगितलं होतं चढाले?"

असं करत करत, आपला जीव पुरता टांगणीला लागल्यावर, नाव बाहेर यायचं. कोपऱ्यावरचा चक्कीवाला! एकदा त्यांच्या मोठ्या मुलीला मुलगा झाल्याची बातमी त्यांनी "पेढे संपले" इथून सुरू केली होती.

काकूंना याचा भयंकर राग यायचा. त्या म्हणायच्या, "मानसानं तोंडाकडून बोलावं. हे शेपटीकडून बोलतात."

पण त्यात काकाजींचा दोष नव्हता. त्यांचा जन्म शेपटीकडेच गेला होता. ते मालगाडीचे गार्ड होते. तीसेक वर्षं गोंदियाहून निघणाऱ्या मालगाड्यांच्या अगदी शेवटच्या डब्यात ते एकटे बसून गेले. तो डबा म्हणजे काय, पत्र्याची एक खोली आणि मागे उघडा सज्जा. एक लोखंडी बाक, एक कंदील, हिरवी आणि लाल झेंडी. पुढे काय येतंय ते इंजिनवाले बघत. काकाजींच्या वाट्याला यायचं ते सगळं होऊन गेलेलं. स्टेशन निघून गेलं की त्यांना दिसायचं. माणूस रूळ ओलांडून पलीकडे गेला की त्यांना दिसायचा.

आम्ही, म्हणजे मी आणि माझे यजमान हेमंत, दोन हजार चारच्या सुमाराला त्यांच्या घराच्या वरच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहायला आलो. मी तिथल्या प्राथमिक शाळेत शिकवत होते. गल्लीच्या टोकाला राईस मिल होती. तिचा कोंडा वाऱ्यानं उडून वाळत घातलेल्या कपड्यांवर बसे. गल्लीत निम्मी बोली हिंदी, निम्मी आपली. काकाजी मूळचे गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावकडच्या एका खेड्यातले, जातीनं पवार, धानाच्या शेतीवाले. घरातला रेल्वेत गेलेला पहिला माणूस. त्यामुळे गावात त्यांना कोणी नावानं ओळखत नव्हतं. तिकडेही ते "गार्डसाहेब" आणि गल्लीतही "गार्डसाहेब".

उंच, हडकुळे, डोळ्यांच्या कडा कायम लालसर. वारा लागून लागून झालेल्या. कुठेही जायचं तर ते सगळ्यांत मागे चालत. लग्नाच्या वरातीत मागे, अंत्ययात्रेत मागे. जेवायला शेवटच्या पंगतीत. घरातून सगळे बाहेर पडले की ते एकदा आत मान घालून नळ, दिवा, खिडकी बघत आणि मगच कुलूप लावत. सकाळी हेमंत स्कूटर काढायचा तेव्हा काकाजी फाटकाशी येऊन रस्त्याच्या दोन्ही बाजू बघत आणि हात वर करत. मग हेमंत निघायचा. पहिले काही दिवस त्याला हसू आलं. पुढे एकदा काकाजी गावी गेले होते तेव्हा तो फाटकात स्कूटर सुरू ठेवून उगाच थांबला. मी वरून विचारलं, "काय विसरलं?" तर म्हणाला, "काही नाही. हात नाही दाखवला ना कोणी."

काकूंचं सगळं उलट. ठेंगण्या, अंगानं भरलेल्या, गुडघ्यांनी बेजार, पण कुठेही पुढे. बोलायला पुढे, भांडायला पुढे, मोर्च्याला न्यायला कोणी आलं असतं तर तिथेही पुढे. नवरा कधी जाईल आणि कधी येईल याचा पत्ता नाही, रात्री-अपरात्री रेल्वेचा माणूस सायकलवरून बोलावणं घेऊन यायचा, अशा घरात त्यांनी तीन मुलं वाढवली होती. त्यामुळे त्यांच्या बोलण्यात एक कायमची तक्रार असे. "यायले काय, गाडीत बसले की झालं. फिरून राहिले दुनिया. आम्ही इथं चुलीपाशी."

काकाजी त्यावर उठून नळ बंद आहे का ते बघून येत.

या माणसाचा एक धबधबा होता.

दरेकसाच्या पुढे गाडी डोंगरात शिरते. दोन्हीकडे दाट जंगल, चढ असा की भरलेली मालगाडी बैलगाडीच्या चालीनं जाते. त्या चढावर एका वळणानंतर, मागे वळून पाहिलं तर, दोन टेकड्यांच्या मधल्या फटीतून फार आत एक पांढरी उभी रेघ दिसते. चहाचा एक घोट घ्यावा इतकाच वेळ. मग टेकडी आड येते. इंजिनवाल्यांना ती दिसायचा प्रश्नच नव्हता, कारण त्यांचं तोंड पुढे. पॅसेंजर गाडीतल्या लोकांना दिसायची नाही, कारण ती गाडी जोरात निघून जाते. दिसायची ती फक्त मालगाडीच्या गार्डाला, तेही त्याचं लक्ष असेल तर.

"हाजरा फॉल असेल तो," मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हटलं. तो धबधबा सगळ्यांना माहीत.

"नाही बेटा. थो अलग. तो सगळ्यायले दिसते." काकाजींचा आवाज हळू झाला. "हा मलेच दिसते."

त्यांनी इंजिनवाल्यांना सांगितलं होतं, तरुण होते तेव्हा. तेव्हापासून स्टेशनाबाहेरच्या चहाच्या टपरीवर त्याची चेष्टा सुरू झाली ती त्यांच्या निवृत्तीपर्यंत चालली. "क्यों गार्डसाहब, झरने में पानी है ना?" असं कोणीही विचारायचं. एक ड्रायव्हर म्हणायचा, "पत्थर है यार, सफेद पत्थर. अकेला आदमी है, सपना देखता है." काकाजी हसायचे आणि चहा प्यायचे.

एकदा मात्र त्यांना तो पोटभर पाहायला मिळाला होता. ही गोष्ट त्यांनी मला गच्चीवर सांगितली, अर्थात शेवटाकडून. "सापडला बा डंडा हाती," अशी. नेमकं त्याच फटीसमोर त्यांचा डबा येऊन गाडी थांबली होती. पुढे सिग्नल नव्हता. पहाट नुकती उजाडलेली, पाऊस दोन दिवस पडून उघडलेला. इंजिन इतकं लांब की त्याचा आवाजही नाही. काकाजी खाली उतरले आणि पाहत उभे राहिले. त्यांना वाटलं, आवाजही येतोय. अगदी बारीक, कोणी लांब कुठेतरी धान पाखडावं तसा. ते ऐकण्यात असे गुंगले की सिग्नल मिळाला, ड्रायव्हरनं शिट्टी दिली, गाडी हलली, आणि गार्ड खाली! खडीवरून धावत त्यांनी कसाबसा डब्याचा दांडा पकडला. पुढच्या स्टेशनवर ड्रायव्हरला सांगितलं, तर तो म्हणाला, "ब्रेकची हवा सुटत होती, गार्डसाहेब. पाण्याचा आवाज कुठला?"

"मग आता जाऊन या ना," मी म्हटलं. "निवृत्त झालात. दरेकसा काही लांब नाही."

मग कारणं सुरू झाली. त्या दिवसांत नक्षलवाद्यांमुळे त्या जंगलात उगाच कोणी फिरायला जात नसे, आणि हे आमच्या जिल्ह्यात कोणाला सांगावं लागत नसे. हे पहिलं कारण. मग गुडघे, मग धानाची कापणी, मग मुलीचं येणं. एक वर्ष असं गेलं. शेवटी एका संध्याकाळी, मी कपडे काढायला गच्चीवर गेले तेव्हा, त्यांनी खरं कारण सांगितलं.

"बेटा, एकडाव उन्हाळ्यातबी पाहिला मी थो. मे महिना होता. नाल्यात थेंब नाही, झाडं जळून राहिली." ते कठड्यावर बोटानं रेघ ओढत होते. "तवाबी पांढराच दिसला."

मी काढलेले कपडे कठड्यावर ठेवले.

"गोटाच असन," ते म्हणाले. "जाऊन कायले पाहाचं?"

जिन्यात काकू उभ्या होत्या. त्यांनी ते ऐकलं होतं. त्या वर आल्या, धापा टाकत, आणि म्हणाल्या, "दिवाळी झाली की जाऊ. मी येतो संगं. असन तर असन, नसन तर नसन. येकदाचं पाहून टाका, मंग मले झोप येईन. तुमाले तर येतच नाही."

दिवाळीनंतरच्या रविवारी आम्ही चौघं सकाळच्या गाडीनं निघालो. काकाजी अर्थात शेवटच्या डब्यात बसले. बाहेर धानाची कापणी चालली होती, भाताच्या बांध्यांमध्ये पेंढ्या पडलेल्या, हवेत कापलेल्या पिकाचा तो हिरवट गोड वास. सालेकसा गेल्यावर डोंगर जवळ आले. दरेकसाला उतरलो आणि रुळांच्या बाजूनं चालत एका लहान गोंड वस्तीवर गेलो. अंगणात एक म्हातारी मोहाची पानं वाळवत बसली होती. काकाजींनी तिला विचारलं, तिकडे पाण्याचा धबधबा आहे का. तिनं आधी आमच्या चपलांकडे पाहिलं, मग काकूंच्या गुडघ्यांकडे.

"आमी नाही जात तिकडे," ती म्हणाली. "अस्वल राहते. नाला हाये. नाल्यानं नाल्यानं जा. दिवस कलायच्या आंधी वापस या."

बस्स, एवढीच माहिती. आम्ही नाल्यात उतरलो.

सुरुवातीला तो साधा नाला होता. घोट्याएवढं पाणी, वाळू, काठाला अर्जुनाची पांढरी खोडं. काकू पुढे, साडी खोचून, हातात हेमंतनं तोडून दिलेली काठी. मग आम्ही दोघं. शेवटी काकाजी, खांद्यावर डब्यांची पिशवी, दर वळणाला एकदा मागे बघत. हळूहळू वाळू संपली आणि दगड सुरू झाले. आधी बसायला पुरतील एवढे, मग मिलमध्ये धानाच्या पोत्यांची थप्पी लावावी तसे एकावर एक. वाट अशी नव्हतीच. या दगडावरून त्या दगडावर. कुठे हातांनी धरून, कुठे बसून घसरत. दोन्ही काठ उंच होत गेले आणि मग ते काठ राहिले नाहीत, भिंती झाल्या. काळ्या, थराथरांच्या, ओल झिरपणाऱ्या. वर आभाळाची एक पट्टी, आणि तिच्यात भिंतींच्या काठावरून वाकून बघणारी झाडं. आपण बोललो की आपलाच आवाज जरा उशिरानं आणि जरा मोठा होऊन परत यायचा. काकूंनी ते ओळखलं आणि त्या चक्क कुजबुजायला लागल्या. काकूंना कुजबुजता येतं हे मला त्या दिवशी कळलं.

एका ठिकाणी भिंतीच्या वरच्या कपारीला मोठाली काळी पोळी लोंबत होती. आग्या माश्यांची. खालूनसुद्धा ती थरथरताना दिसत होती. काकाजींनी मागून बोट ओठांवर ठेवलं. त्या पट्ट्यातून आम्ही श्वास रोखून गेलो. पायाखालचा दगड हलू नये म्हणून काकू प्रत्येक पाऊल आधी काठीनं चाचपत होत्या. पलीकडे पोचल्यावर त्यांनी मागे वळून नवऱ्याला पाहिलं. ते अजून माश्यांच्या खाली होते, एकटेच. ते येईपर्यंत काकू हलल्या नाहीत.

दुपारच्या सुमाराला घळ एका बाजूनं उघडली. डाव्या हाताची भिंत कोसळून तिथे दगडांचा उतार झाला होता. आणि उजवीकडे, समोर, उभा पांढरा कडा होता.

फार उंच. काळ्या दगडांच्या मधोमध चुन्यासारखा पांढरा पट्टा, वरपासून खालपर्यंत. कोरडा. त्याच्यावर पाण्याचा थेंब नव्हता. एक पाखरू त्याच्या मध्यावर येऊन बसलं आणि उडून गेलं.

काकाजींनी पिशवी खाली ठेवली आणि डाव्या बाजूच्या उतारावर चढून पाठमोरे बसले. आम्ही त्यांच्यामागे चढलो. तिथून दोन टेकड्यांच्या फटीतून लांबवरचं दिसत होतं. जंगल, आणि जंगलातून गेलेली एक बारीक आडवी रेघ. रूळ.

"हाच होय," काकाजी म्हणाले. "हाच गोटा. इथून रूळ दिसते, म्हंजे तिथून हाच दिसे." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "ड्रायव्हर खरा होता."

शाळेत नापास झालेल्या मुलाच्या आईसमोर बसते तशी मी बसले होते. हेमंतनं डबा उघडला. पुऱ्या होत्या, वांग्याची सुकी भाजी होती, दिवाळीचे अनरसे होते. कोणी हात लावला नाही.

तेवढ्यात गाडीचा आवाज आला. आधी जमिनीतून यावा तसा, मग स्पष्ट. फटीत इंजिन दिसलं, मुंगीएवढं, आणि त्यामागून मालाच्या वाघिणी. एक गेली की दुसरी, दुसरी गेली की तिसरी, संपेचनात. काकू डोळ्यांवर हात धरून बघत होत्या. शेवटी एक वेगळा डबा आला, मागे मोकळा सज्जा असलेला. त्या सज्ज्यात एक ठिपका होता.

"ते काय होय, शेवटी?" काकूंनी विचारलं.

"गार्ड."

"कुठं?"

"थो काय, ठिपका."

काकाजींचा हात आपोआप वर गेला होता. ठिपका टेकडीआड गेला. आवाज बराच वेळ उरला आणि मग तोही गेला. सगळीकडे फक्त जंगल राहिलं. इतकं जंगल मी आयुष्यात एका वेळी पाहिलं नव्हतं.

"असेच दिसत होते का तुम्ही?" काकू म्हणाल्या.

"असनच."

"येवढे एकटे?"

काकाजींनी टोपी उचलून डोक्यावर ठेवली.

"पावसातबी?"

"हो."

"रातीबी असेच?"

"रातीले कंदील राहे ना."

काकू त्या फटीकडेच बघत होत्या. "मले वाटे," त्या म्हणाल्या, आणि थांबल्या. मग पुन्हा म्हणाल्या, "मले वाटे, गाडीत बसून जाते मानूस. आराम हाये." पदरानं त्यांनी तोंड पुसलं. घामच असावा. मग काठी टेकवून उठल्या.

"कुठं चालली?" काकाजींनी विचारलं.

"पुढं."

"पुढं काय हाये आता? पाहून झालं ना."

"नाल्यात पानी येऊन राहिलं का नाही? वाहतं पानी हाये. ते काय या गोट्यातून येते? कुठून तरी येऊन राहिलं असन ना." आणि आमच्याकडे न बघता त्या उतारावरून बसत-घसरत खाली गेल्या.

आम्ही त्यांच्यामागे धावलो. पांढऱ्या कड्याच्या पायथ्याशी घळ पुन्हा मिटत होती, आधीपेक्षा अरुंद. दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागावेत इतकी. आत पाणी गुडघ्यांपर्यंत आणि बर्फासारखं गार. उजेड हिरवा झाला. काकू भिंतीला हात लावत, "रामा, रामा" म्हणत पुढे चालल्या होत्या. मला पहिल्यांदा आवाज ऐकू आला नाही, तो छातीत जाणवला. पुलाखाली उभं असताना वरून मालगाडी जाते तेव्हा जाणवतो तसा. मग भिंत एकदम वळली आणि काकू त्या वळणापलीकडे दिसेनाशा झाल्या.

त्यांची हाक येईल म्हणून मी वाट पाहिली. आली नाही. घाबरून मी पुढे गेले. काकू कंबरभर धुक्यात उभ्या होत्या, आणि वर बघत होत्या. मीही वर पाहिलं.

तो कसा होता ते मला अजून नीट सांगता येत नाही. घळ तिथे संपत होती. तीन बाजूंनी काळ्या भिंती उठत, आत कलत, जवळजवळ आभाळाला मिटवत गेल्या होत्या, आणि जिथे त्या मिटायच्या राहिल्या तिथून पाणी येत होतं. ते कड्यावरून पडतंय असं वाटतच नव्हतं. वर कड्याचा काठच दिसत नव्हता, फक्त उजेड होता, आणि त्या उजेडातून ते उतरत होतं. निम्म्यात येईपर्यंत पांढरं, मग धूर, मग खाली डोहात पुन्हा पाणी. भिंतींवर माणसाच्या उंचीची नेचं, सगळी एका लयीत डुलणारी. हेमंतनं माझा हात घट्ट धरला होता. आम्ही तिघं त्या अरुंद तोंडात एकमेकांना चिकटून उभे होतो, आणि मागून काकाजींचा आवाज आला. "काय झालं? काऊन थांबले?"

आमच्या पाठींमुळे त्यांना काही दिसत नव्हतं. काकू बाजूला सरकल्या. मग आम्ही सरकलो. काकूंनी त्यांच्या मनगटाला धरून त्यांना पुढे ओढलं, सगळ्यांच्या पुढे.

काकाजी उभे राहिले. मान मागे, मागे, आणखी मागे नेली. टोपी पडली आणि डोहावरून तरंगत गेली, त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. कितीतरी वेळ ते तसेच होते. चेहऱ्यावरून पाणी ओघळत होतं आणि त्यातलं कुठलं कुठचं ते सांगता आलं नसतं. मग ते हसायला लागले. आवाज ऐकू येत नव्हता, पण खांदे हलत होते. ते माझ्याकडे वाकले आणि माझ्या कानाशी ओरडले :

"बेटा! याले शेवटचा डब्बाच नाही!"

आणि कपड्यांसकट ते डोहाच्या काठावरच्या पाण्यात मांडी घालून बसले. काकू त्यांच्या शेजारी बसल्या. आम्ही मागे सरलो. त्या दोघांना मी पाठमोरं पाहिलं. ती उंच हडकुळी पाठ आणि ती ठेंगणी रुंद पाठ, आणि त्यांच्यावर ते सगळं कोसळत असलेलं. काकू ओंजळीत पाणी घेऊन नवऱ्याच्या डोक्यावर घालत होत्या. एरवी चौघांत त्या त्यांच्याकडे बघतही नसत.

पुऱ्या परतताना खाल्ल्या, पांढऱ्या कड्याच्या पायथ्याशी. उन्हात कपडे वाळवत. सगळ्यांना अशी भूक लागली होती की अनरशाचे तुकडेसुद्धा उरले नाहीत. निघताना काकाजी त्या कोरड्या पांढऱ्या दगडापाशी गेले आणि त्याच्यावर तळहात ठेवून उभे राहिले.

"वाईट वाटलं का, काकाजी?" मी विचारलं. "इतकी वर्षं हाच दिसत होता म्हणून?"

"वाईट कायले?" ते म्हणाले. "यानंच तर आनलं ना इथवर."

दिवस कलायच्या आधी आम्ही वस्तीवर पोचलो. म्हातारीनं काही विचारलं नाही. काकूंना प्यायला पाणी दिलं, आणि आमची तोंडं पाहून स्वतःशीच हसली.

दुसऱ्या दिवशी काकाजी चहाच्या टपरीवर गेले. त्यांची चेष्टा करणारा ड्रायव्हर अजून नोकरीत होता. हेमंत तिथे होता, त्यानं मला सांगितलं. काकाजी सरळ त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "पत्थर ही था, भाई. तुम सही थे." तो बिचारा इतका ओशाळला की त्यानं काकाजींच्या चहाचे पैसे दिले. मग काकाजींनी पुढचं सांगितलं. पत्थराच्या मागचं. टपरीवरचं कोणी हसलं नाही. पुढच्या रविवारी तो ड्रायव्हर आणि आणखी दोघं काकाजींबरोबर दरेकसाला गेले. त्यानंतर दर वर्षी दिवाळी झाली की काकाजी कोणा ना कोणाला घेऊन जात. कधी शेजारचे मारवाडी शेठ, कधी त्यांचा जावई. काकूंचे गुडघे पुढे साफ गेले आणि त्यांना जाणं जमेना. पण एक झालं. "गाडीत बसले की झालं" हे वाक्य त्या दिवसानंतर मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. कोणी पाहुणी सहज म्हणाली, की गार्डाची नोकरी बरी, बसून असते, तर काकू तिला चहा होईपर्यंत समजावून सांगत. अंधार कसा असतो, पाऊस कसा असतो, आणि माणूस लांबून केवढा दिसतो.

मग आमची बदली झाली, तुमसरला. तिकडेच मुलं झाली, घर झालं. काकाजी आणि काकू गोंदियाचं घर मुलाकडे सोपवून गावी शेतीवर राहायला गेले. एकमेकांकडे जाणं होईनासं झालं. काकाजी गेल्याचं मला कळलं ते त्यांचा वर्षश्राद्धाचा विधी होऊन गेल्यावर, एका जुन्या शेजारणीकडून, आठवडी बाजारात भाजी घेताना.

पण त्याआधी एकदा मी त्यांना पाहिलं होतं. दोन हजार बारा-तेराची गोष्ट असेल. मी एसटीनं गोरेगावहून चालले होते. त्या दिवशी तिथला बाजार होता, आणि गर्दीमुळे गाडी बाजाराच्या कडेला अडकून पडली. खिडकीतून पाहते तर चिंचेच्या झाडाखाली काकाजी. केस पूर्ण पांढरे, पाठ जरा वाकलेली. त्यांच्याभोवती पाच-सहा माणसं, कोणाच्या हातात कोंबडी, कोणाच्या डोक्यावर टोपली. काकाजी काहीतरी सांगत होते. माझ्यापर्यंत शब्द येत नव्हते. त्यांनी एक हात वर केला, पंजा आडवा धरून, उंची दाखवताना धरतात तसा, आणि ती माणसं मान वर करून त्या पंज्याकडे बघू लागली.

शेजारी एका पोत्यावर काकू बसल्या होत्या, मांडीत भाजीची पिशवी. त्यांनी त्या पंज्याकडे पाहिलं. त्यांना ते पटलेलं दिसलं नाही. काठीचा आधार घेत त्या उठल्या, हाताचा तळवा काकाजींच्या कोपराखाली लावला, आणि तो हात वर ढकलला. मग टाचा उचलून आणखी वर.

गाडी सुटली.